मदत हवी आहे: सोलापूरच्या उन्हात अँडीजचं होयापा जगवायचंय

नमस्कार मंडळी. बंगळुरूच्या एका हौशी मित्राकडून मॅक्लिआनिया रूपेस्ट्रिसचं छोटं रोप मिळालंय. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या ढगाळ जंगलातलं, ब्लूबेरीच्या कुळातलं झुडूप. इक्वाडोरमध्ये याला होयापा म्हणतात, जांभळट-काळी फळं तिथे आवडीने खातात. बऱ्याचदा ते शेवाळलेल्या झाडांच्या फांद्यांवरच रुजतं आणि बुंध्याशी धरलेल्या लाकडी गाठीत पाणी साठवतं. म्हणजे थोडी कोरड सोसेल. पण उष्णता? आमच्याकडे एप्रिलातच पारा ४२ ला टेकतो.

राहायला जुळे सोलापुरात. पूर्वेची गॅलरी, सकाळचं कोवळं ऊन, नंतर शेडनेट. मातीच्या कुंडीत धुतलेलं कोकोपीट, पाईनची साल, थोडा कोळसा. काळी माती चिमूटभरही नाही. कोवळी पालवी लालसर येते, फार देखणी. पण पान मोठं झालं की शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतो. जुन्या पानांच्या कडा करपल्यात. कुंडीवर बाहेरून पांढरा थर चढतोय. पाणी बोअरचं, कारण नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकरांना काय सांगायचं!

पाण्यात लिंबू पिळू का? मे महिन्यात रोप कूलरसमोर ठेवू का? ‘त्यापेक्षा डाळिंब लाव’ हे घरात रोज ऐकते, तेवढं सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद:
ताई, कोवळी पानं पिवळी म्हणजे लोह कमी पडतंय. बोअरच्या पाण्यातल्या चुन्याने सामू (पीएच) वर जातो, म्हणजे आम्लता घटते, मग लोह असूनही मुळांना घेता येत नाही. या कुळाला सामू ४.५ ते ५.५ लागतो. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल असं बांधलेलं लोह द्या, पण ईडीडीएचए प्रकारातलं. ईडीटीए प्रकारातलं वाढलेल्या सामूत टिकत नाही. लिंबू अंदाजाने पिळू नका. सायट्रिक ॲसिड चिमटीने टाकत सामूपट्टीवर बघा. कडा मात्र क्षारांनी करपल्यात, त्यावर आम्लाचा उपाय नाही. पावसाचं किंवा आरओचं पाणी कुंडीच्या तळातून भरपूर वाहू द्या. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी चुकूनही नको, त्यात क्षार आणखी दाट असतात.

प्रतिसाद:
कूलरच्या झोतात पानं झोडपली जातील. आपली हवा कोरडी, तिचाच फायदा घ्या. रांजणातलं पाणी गार होतं तसं मूळ गार ठेवायचं: मोठ्या मातीच्या कुंडीत छोटी कुंडी, मधे वाळू, वाळू कायम ओली. आतली कुंडी प्लॅस्टिकची घ्या, नाहीतर वाळूतले क्षार झिरपून आत येतील. खरी अडचण रात्रीची आहे. मे महिन्यात आपल्या रात्रीही तापलेल्या असतात आणि या झाडाला रात्रीचा गारवा लागतो. महाबळेश्वर-पाचगणीला कोणी नात्यातलं असेल तर उन्हाळ्यापुरतं तिकडे पाठवा. फळाचं म्हणाल तर मूळ ठिकाणी हमिंगबर्ड परागण करतात. इथे शिंजीर येईलही, पण तुम्ही ब्रश हाताशी ठेवा.

धागाकर्ती:
दादा, पाचगणीला मावसबहीण आहे, तिला फोन करते. आरओचं पाणी आजपासून सुरू. कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए सुटं मिळतं, की एका रोपासाठी किलोचं पाकीट घ्यावं लागेल?