वजन कमी करताना पिझ्झा, वडापाव, पुरणपोळी... कसं जमवता? अनुभव सांगा

गेल्या शनिवारी लेकीचा दहावा वाढदिवस झाला. तीन मोठे पिझ्झे मागवले होते आणि मी तिच्या शेजारी बसून दोन स्लाइस खाल्ले, गरम असताना, सगळ्यांबरोबर. तुम्ही म्हणाल यात काय एवढं सांगण्यासारखं. पण आधीच्या चार वाढदिवसांना मी 'मला नको, माझं डाएट आहे' म्हणत किचनमध्ये काकडी चिरत उभी होते आणि रात्री सगळे झोपल्यावर उरलेला गारढोण पिझ्झा फ्रीजपाशी उभ्याउभ्या संपवला होता, तोही दोन नाही, चार-पाच स्लाइस. सकाळी उठल्यावर रडू यायचं.

गेल्या १४ महिन्यांत वजन ८१ वरून ७० वर आलंय, उंची ५ फूट २ इंच. अजून बराच पल्ला आहे, आपल्या भारतीयांमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात आणि माझा अजून २८ च्या आसपास आहे. पण या वेळी पहिल्यांदाच मी काहीही कायमचं सोडलेलं नाही. बदललं ते एवढंच की पिझ्झ्याच्या दिवशी आता सकाळपासून उपाशी राहत नाही. पूर्वी रात्री पिझ्झा आहे म्हणून नाश्ता नाही, दुपारी नुसतं ताक, आणि मग संध्याकाळी बॉक्स उघडला की हात थांबायचाच नाही. आता दुपारी पोळी-भाजी-उसळ नेहमीसारखी, पिझ्झ्याच्या आधी वाटीभर काकडीची कोशिंबीर आणि मग दोन स्लाइस. कोल्ड्रिंक मला तसंही फारसं आवडत नाही, मग त्याच्यावर कॅलरी कशाला घालवू. फ्रीजच्या दारावर एक कागद लावलाय, त्यावर घरात नेहमी होणाऱ्या पदार्थांच्या अंदाजे कॅलरी लिहिल्यात, एक चमचा तूप ४५, एक वडापाव ३०० च्या आसपास, मध्यम चीज पिझ्झ्याचा एक स्लाइस २०० ते २५० वगैरे. त्याचा मला खूप आधार वाटतो. आणि 'चीट डे' हा शब्द घरातून काढून टाकला, लेकीबरोबर जेवले तर मी फसवलं कुणाला?

तुमचं कसं चालतं ते लिहा ना. पिझ्झाच पाहिजे असं नाही. जमलं नसेल तर तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होईल.

*

छान विषय काढलात ताई. मी नाशिकचा, वय ४६. माझी अडचण खाण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या वजनकाट्याची होती. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायची सवय, आणि पिझ्झा किंवा मिसळ खाल्ली की दुसऱ्या दिवशी काटा हमखास किलोभर वर. एकदा तर १.३ किलो. मग डोक्यात एकच, तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली, आता कशाला पाळायचं, आणि पुढचे चार दिवस समोसे, जिलबी, जे समोर येईल ते. वजन खरं त्या चार दिवसांनी वाढायचं, पिझ्झ्याने नाही. हे मला आमच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा कळलं. चीज, सॉस सगळ्यात मीठ भरपूर, मीठ पाणी धरून ठेवतं. मैद्याचं पिष्ट शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं. एक किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा ७७०० च्या आसपास कॅलरी जास्त जाव्या लागतात, तेवढं एका रात्रीत कोण खाणार? ते म्हणाले, तीन दिवस वहीत लिहू नका, नेहमीचं जेवा, चाला आणि चौथ्या दिवशी बघा. चौथ्या दिवशी काटा जागेवर. आता मी आठवड्याची सरासरी काढतो. ज्यांना काट्याची धास्ती वाटते त्यांनी हे एकदा नक्की करून बघा, माझं वर्ष वाचलं असतं आधी कळलं असतं तर.

*

नाशिकचे दादा, १.३ किलोचं वाचून बरं वाटलं. मला वाटायचं माझंच शरीर वेगळं आहे.

*

मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. 'थोडं खा पण खा' हे सगळ्यांना लागू होत नाही, मला तरी नाही. फरसाणाचं पाकीट घरात असलं की ते संपेपर्यंत माझं कामात लक्ष लागत नाही, २०० ग्रॅमचं पाकीट एका बैठकीत जातं. वाटीत काढून बघितलं, छोट्या डब्यांत भरून वरच्या फडताळात ठेवून बघितलं, नवऱ्याला लपवायला सांगितलं, त्यावरून भांडणंच झाली. शेवटी ठरवलं की फरसाण, चिवडा, वेफर्स घरात येणार नाहीत, कुणी आणलेच तर त्याच दिवशी कामवाल्या मावशींना किंवा वॉचमनकाकांना. पिझ्झ्याचं मात्र असं होत नाही कारण तो आम्ही कधीच घरी मागवत नाही, महिन्यातून एकदा बाहेर जाऊन बसून खातो, चौघांत दोन मध्यम, आणि उरला तर पार्सल घेत नाही. टाकायचा नाही म्हणून मोजूनच मागवतो. सव्वा वर्षात ९ किलो कमी झालेत. ज्याला काय सोडलं तर शांत वाटतं ते त्याने सोडावं असं माझं मत.

*

घरचा पिझ्झा कुणी लिहिला नाही म्हणून लिहितोय. आमच्या लहानपणी, म्हणजे नव्वदच्या दशकात, बेकरीत पिझ्झा बेस मिळायचे, जाड आणि पांढरेफटक, त्यावर आई टोमॅटो केचप, सिमला मिरची, कांदा आणि चीजचा क्यूब किसून घालायची आणि झाकण ठेवून तव्यावर. ओव्हन कुणाकडे होता? तो वास अजून आठवतो. आता मी रविवारी तसाच तव्यावर करतो, फक्त बेस घरचा. दोन पिझ्झ्यांसाठी २०० ग्रॅम पीठ, निम्मी कणीक निम्मा मैदा, पाव चमचा यीस्ट, मीठ, पाणी, सैलसर मळून रात्रभर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी तासभर बाहेर ठेवायचं, हाताने थापायचं, लोखंडी तव्यावर एक बाजू डाग पडेपर्यंत भाजायची, उलटायचं आणि भाजलेल्या बाजूवर सॉस. सॉस म्हणजे टोमॅटो, लसूण, लाल तिखट, चमचाभर तेल, आटेपर्यंत परतायचं. मग भाज्या, ४० ग्रॅम किसलेलं मोझरेला, झाकण आणि पाच-सहा मिनिटं मंद गॅस. एकदा सगळं किचनच्या काट्यावर मोजून हिशेब केला, अख्खा एक पिझ्झा साडेपाचशे कॅलरीच्या आसपास बसतो. अख्खा! बरोबर मुगाचं सॅलड घेतलं की पोट गच्च भरतं. चीज मात्र मोजून घाला, मूठभर मूठभर म्हणता सहज १०० ग्रॅम होतं आणि तिथेच ३०० कॅलरी. ज्वारीच्या भाकरीवर पण केलाय, चव चांगली लागते, पण तो पिझ्झा नाही, ती चीज घातलेली भाकरी, ज्याला पिझ्झ्याची तल्लफ आलीये त्याचं समाधान त्याने होणार नाही.

*

मी न्यू जर्सीत असते. इकडे शुक्रवार रात्र म्हणजे पिझ्झा, मुलांना शाळेतही तोच आणि वाढदिवसालाही तोच. भारतात दोन स्लाइस खायची सवय होती म्हणून इकडेही दोनच खायचे आणि वजन वाढतच गेलं, पहिल्या दोन वर्षांत ८ किलो. माझं काय चुकतंय तेच कळेना. मग इंजिनीयर नवऱ्याने हिशेब मांडला. इकडचा मोठा पिझ्झा १८ इंची, त्याचे आठ तुकडे. भारतात आम्ही मागवायचो तो १० इंची, त्याचेही आठ. क्षेत्रफळ काढलं तर इकडचा एक तुकडा तिकडच्या तीन तुकड्यांपेक्षा मोठा! म्हणजे मी दोन म्हणून सहा खात होते. तेव्हापासून एक स्लाइस आणि मोठा वाडगा सॅलड, किंवा घरचं वरण. हो, पिझ्झ्याबरोबर तुरीचं वरण वाटीतून पितो आम्ही, मुलांनाही आवडतं. स्लाइस मोजू नका, आकार बघा एवढंच सांगते.

*

इटलीत नापोलीला कामानिमित्त तीन महिने होतो. तिथे प्रत्येकाचा आपापला अख्खा पिझ्झा असतो, तरी जड वाटत नाही. बेस पातळ, फक्त कड फुगलेली, मोझरेलाचे थोडे तुकडे इकडे तिकडे, टोमॅटो, तुळशीच्या जातीची दोन-चार पानं. भट्टी इतकी तापलेली की दीड मिनिटात तयार. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत घेतलंय आणि लोक खातातही तसंच, बसून, गप्पा मारत. परत आल्यावर मला एक्स्ट्रा चीज नकोच वाटायला लागलं.

*

लातूरहून. माझं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलं होतं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत सुरू केली, दिवसातून दोनदाच जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. दोन जेवणांच्या मध्ये साखरेचा चहासुद्धा बंद म्हटल्यावर आमच्या मंडळींना वाटलं हा आठ दिवस टिकणार नाही. पण मला तेच सोपं गेलं, कारण दिवसभर 'खाऊ का नको' हा विचारच संपला. पोरं पिझ्झा मागवतात तेव्हा मी त्यांना माझ्या जेवणाच्या वेळेला मागवायला लावतो. आधी मोड आलेली मटकी, दोन उकडलेली अंडी, मग एक-दोन तुकडे. आठ महिन्यांनी एचबीए१सी ५.६. फक्त ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका, साखर एकदम खाली जाते, माझ्या चुलत्यांचं तसं झालं होतं.

*

आमच्याकडे पिझ्झ्यापेक्षा सणांची परीक्षा. मी कोल्हापूरची, सासर मडगावचं. होळीला पुरणपोळी, गणपतीत मोदक, आणि नाताळात शेजारून नेवऱ्या, दोदोल, बेबिंका भरलेलं ताट येतं, ते नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये असं मला मनापासून वाटतं. मी पुरणपोळीच्या दिवशी भात घेत नाही, दोन पोळ्या तूप घालून, वाटीभर कटाची आमटी, बस. दुसऱ्या दिवशीची शिळी पोळी दुधात कुस्करून खायला मला फार आवडते, ती नाश्ता म्हणून धरते, जेवणानंतरचं गोड म्हणून नाही. बेबिंकाची एक पातळ चकती, चहाबरोबर, उभ्याने नाही. आईच्या हातच्या पोळ्या आता किती वर्षं मिळणार आहेत, तिची कंबर दुखते पुरण वाटताना, त्या मी कॅलरीसाठी सोडणार नाही.

*

हे सगळं वाचून खूप वेळ विचार केला लिहू की नको. मी पुण्यात हॉस्टेलला राहते, वय २२. मला मोजण्यानेच त्रास झाला. अकरावीत एका लग्नात नातेवाईक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'अगं तू आइस्क्रीम घेतेस? मग कसं व्हायचं तुझं.' त्या दिवसापासून फोनमध्ये प्रत्येक घास लिहायला लागले, १२०० च्या वर गेलं की रात्री झोप नाही. मग दहा दिवस कडक आणि एका रात्री खोलीचं दार लावून एकटीने अख्खा मोठा पिझ्झा, पोट दुखेपर्यंत, आणि मग उलटी काढायची. हे दोन वर्षं चाललं, कुणालाही माहीत नव्हतं, वजन तर तसूभरही कमी झालं नाही. रूममेटने एकदा बघितलं आणि ती मला ओढून समुपदेशकाकडे घेऊन गेली, पुढे मानसोपचारतज्ज्ञ पण. हा आजार असतो, त्याला उपचार असतात, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. मी ते अ‍ॅप काढून टाकलंय. मार्चमध्ये चार मैत्रिणींबरोबर कॅफेत बसून पिझ्झा खाल्ला, तीन स्लाइस, आणि घरी येऊन अभ्यास केला. एवढंच, काहीच झालं नाही. माझ्यासाठी ते फार मोठं होतं. ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांना हात जोडून सांगते, त्यांच्या ताटाबद्दल काही बोलू नका, चांगलं पण नको.

*

(धागाकर्ती) तुझं लिहिणं वाचलं आणि फोन बाजूला ठेवून बसून राहिले. लिहिलंस म्हणून खूप खूप आभार, आणि तुझ्या रूममेटचेही.

एक राहिलं होतं, ते वर लिहिलं नव्हतं. वाढदिवसाच्या दिवशी लेक फ्रीजपुढे उभी राहून तो कागद वाचत होती आणि तिने विचारलं होतं, 'आई, माझ्या प्लेटमध्ये किती झाल्या?' मी तेव्हा सहज उत्तर दिलं, ४५० धर. ती काही बोलली नाही. तिसरा स्लाइस मात्र तिने घेतला नाही, मला वाटलं पोट भरलं असेल.

कागद आत्ताच काढला. माझ्या कामाचे आकडे माझ्या वहीत लिहून घेतले. ती शाळेतून आली की विचारणार आहे, त्या दिवशी तिला अजून हवा होता का.