'लाईन मारणे' आणि 'लाईन देणे'

सुगरणीचा खोपा: परवा बंगळुरूला घरी 'शाळा' लावला होता (सुजय डहाकेचा, २०१२चा, मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा). शेजारची कन्नड मैत्रीण सोबत होती, तिच्यासाठी मी हिंदीत सांगत होते. जोशी-शिरोडकरपाशी आले आणि बोलून गेले, 'वो उसको लाइन मारती है.' स्वयंपाकघरातून सासूबाई कडाडल्या, 'मारती नाही गं, देते! मारतो तो!' फरक मला कळतो, पण सांगता येईना. 'होकार' म्हणावं तर अजून कुणी कुणाला विचारलेलंच नाही. 'प्रतिसाद' म्हटलं की सरकारी पत्र आठवतं. शब्द सुचवा.

तिरफळ: 'अनुकूल असणे'. प्रियाराधन, अनुनय असे शब्द असताना ही लाईन हवीच कशाला?

बाकावरचा: नववीतला पोरगा मधल्या सुट्टीत सुऱ्या-फावड्याला 'ती माझ्या अनुनयास अनुकूल आहे' असं सांगणार? जन्मभर चिडवतील त्याला.

तिरफळ: मग 'सूत जमणे' घ्या. अस्सल आहे.

ओळंबा: सूत दोघांचं जमतं. इथे अजून काहीच जमलेलं नाही. माझे वडील गवंडी. विटांचा थर लावताना लाईनदोरी बांधायची, एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. दोरी फेकणार ते, पण मी टोक घट्ट धरलं तरच ताण यायचा. माझं लक्ष रस्त्याकडे गेलं की दोरीला झोळ, आणि मला शिवी. मारणारा आणि देणारा, दोघं तिथूनच आलेत.

बाकावरचा: गोड आहे, पण पटलं नाही. ट्रंककॉल आठवा. तासभर थांबायचं, मग एक्स्चेंजमधली बाई लाईन द्यायची. 'देणे' तिथलं.

ओळंबा: आणि 'मारणे'? फोनची लाईन कोण मारतं?

बाकावरचा: फोन मारतात की.

लोकलपास: दोघांचंही राहू द्या. मुंबईच्या हिंदीत 'लाइन मारना' आणि 'लाइन देना' दोन्ही आहेत. क्रियापद बदला, झालं भाषांतर.

सुगरणीचा खोपा: तेच केलं. ती म्हणाली, 'कौनसी लाइन?'

जुनी अकरावी: सिनेमा आणीबाणीतला. तेव्हा हा शब्द होता का? मी १९७५चा मॅट्रिक. आमच्याकडे नुसतं 'ती बघते' म्हणत. त्यात सगळं आलं. एक मुलगी प्रार्थनेला डोळे मिटायची नाही, तेवढ्यावर आमच्या मित्राने अख्खं वर्ष काढलं. पुढे तिच्या वडिलांची बदली झाली. तो अजूनही त्या गावाचं नाव निघालं की चहा मागवतो.

बाकावरचा: काका, १९७५ला दहावी ना?

जुनी अकरावी: दोन्ही होत्या. नव्या दहावीची पहिली बॅच आणि जुन्या अकरावीची शेवटची, एकाच वर्षी.

तिरफळ: मग तुम्ही मॅट्रिक नव्हे. मॅट्रिक विद्यापीठ घ्यायचं. तुम्ही दिलीत ती एसएससी.

जुनी अकरावी: आईने पेढे मॅट्रिकचेच वाटले हो.

सुगरणीचा खोपा: मंडळी, शब्द? 'ती बघते' आवडलं, पण शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हा जोशीच्या हाती काय उरतं? 'तिने लाईन दिली होती.' 'तिने बघितलं होतं' म्हणजे काहीच नाही. सासूबाईंना विचारलं, तुमच्या वेळी काय म्हणायचे? म्हणाल्या, 'गवार मोड.'

ओळंबा: तिरफळ, आमच्याकडे काही जण लाईनदोरीला सूतच म्हणायचे. म्हणजे तुमचं सूत आणि आमची लाईन एकच.

तिरफळ: मुळीच नाही. गवंड्याचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

ओळंबा: ते सुताराचं.