मदत हवी आहे : बेरियममध्ये 'चोच', बायोप्सी स्वच्छ, फुगा घालण्याआधी सीटी स्कॅन करावा का?

माझ्या आईचे वय ६७ आहे. गेल्या पाच महिन्यांपासून भाकरीच काय, पाणीसुद्धा तिच्या छातीच्या मध्यावर अडते आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर रात्री खाल्लेल्या भाताची शिते सापडतात. वजन ६१ किलोवरून ५० वर आले आहे. सुरुवातीचे दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांत गेले, त्याची हळहळ आहेच.

बेरियम स्वालोच्या (बेरियमचे द्रावण पाजून काढलेल्या एक्स-रेच्या) फिल्ममध्ये अन्ननलिका रुंदावलेली असून जठराच्या तोंडाशी पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झाली आहे. पाच मिनिटांनंतरच्या फिल्मवरही बेरियम तसेच साचलेले दिसते. एण्डोस्कोपीत गाठ किंवा व्रण आढळला नाही, मात्र दुर्बीण जठरात उतरवताना थोडा जोर लावावा लागल्याची नोंद आहे. बायोप्सीत किरकोळ दाह आहे, तर मॅनोमेट्रीचा (अन्ननलिकेतील दाब मोजणाऱ्या चाचणीचा) निष्कर्ष अचलेशिया (अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप नीट सैल न होण्याचा आजार), टाइप २ असा आहे.

'एवढा बिघाड दिसतो, मग बायोप्सी स्वच्छ कशी? नमुने बदलले असतील,' असा वाद घरात बरेच दिवस चालला. वाचन केल्यावर उलगडा झाला, तो असा की या आजारात नष्ट होणाऱ्या चेतापेशी स्नायूंच्या दोन थरांच्या मध्ये असतात आणि एण्डोस्कोपीचा चिमटा सहसा आतल्या अस्तराचाच तुकडा उचलतो. म्हणजे स्वच्छ बायोप्सीमुळे अचलेशियाचे निदान खोटे ठरत नाही.

पण नेमक्या याच कारणाने माझी धास्ती वाढली आहे. जठराच्या तोंडाशी अस्तराखालून पसरणारा कर्करोगही बेरियमवर हुबेहूब हेच चित्र उभे करू शकतो, चिमट्यातून निसटू शकतो आणि मॅनोमेट्रीलाही चकवू शकतो. उतारवय, थोड्या महिन्यांचा त्रास आणि झपाट्याने घटलेले वजन ही त्याची शंका घेण्याची लक्षणे आईमध्ये तिन्ही आहेत.

पहिले डॉक्टर पुढच्या आठवड्यात फुग्याने झडप रुंद करू म्हणतात. दुसऱ्यांच्या मते आधी कॉन्ट्रास्ट सीटी आणि एण्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड करायलाच हवे. येथील गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट व रेडिओलॉजिस्ट सदस्यांना विचारायचे आहे, की केवळ सीटी स्वच्छ आल्यास निर्धास्त राहता येईल, की अल्ट्रासाउंडही आवश्यक आहे? आणि अचलेशियाच ठरला, तर या वयात फुगा, पोएम (तोंडातून दुर्बीण घालून झडपेचा स्नायू कापणे) व हेलर शस्त्रक्रिया (तोच स्नायू पोटाच्या बाजूने कापणे) यांपैकी काय निवडावे? पोएमनंतर आम्लपित्त वर येण्याचा त्रास अधिक होतो, असे वाचले आहे. ज्यांच्या घरी हे झाले आहे, त्यांनी अनुभव जरूर लिहावा. काढे आणि चूर्णे मात्र कृपया सुचवू नयेत, कारण आईला सध्या साधे पाणीही जात नाही.