नेर्गुई म्हणजे 'नाव नाही', मग हे नाव कसं?

प्रश्न : मंगोलियन नाव 'नेर्गुई'चा अर्थ 'निनावी' आणि 'एनेबिश'चा 'हा नव्हे' असा दिलेला आढळतो. ही खरोखर माणसांची नावं आहेत का? आणि अशा परक्या नावांचा अर्थ पडताळायचा कसा?

उत्तर : दोन्ही नावं खरी आहेत आणि फोडही सरळ आहे. नेर म्हणजे नाव, गुई हा 'विना' अर्थाचा प्रत्यय. एने म्हणजे हा, बिश म्हणजे नव्हे. याच घडणीचं 'खुनबिश' म्हणजे 'माणूस नव्हे'. आधीची मुलं दगावलेल्या घरात अशी नावं ठेवत. मूल न्यायला आलेल्या दुष्ट शक्तीला 'तुम्ही शोधताय तो हा नव्हेच' असं सांगून परतवायचं. दगडू, धोंडू यांच्यामागेही हीच भावना. शब्द नकाराचा, पण नाव मायेपोटी ठेवलेलं. म्हणून कोशातल्या अर्थाशी थांबू नका. नाव कोणत्या प्रसंगी ठेवलं जातं ते आधी पाहा.

पुरवणी : 'नकुशा'ला मात्र या रांगेत बसवू नये. 'नको अशी' हा शब्दार्थ 'एनेबिश'च्या अगदी जवळचा वाटतो, पण तिथला नकार वरवरचा असतो आणि इथला खरा. मुलगी नकोच होती. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली, ती याच कारणाने. अर्थ सारखा आणि हेतू उलटा असलेली इतकी ठळक जोडी क्वचितच सापडेल.

उत्तर : नायजेरियातल्या योरुबा भाषेत तर अशी नावं म्हणजे अख्खी वाक्यं असतात. पुन्हापुन्हा जन्मून मरणाऱ्या मुलाला 'अबिकू' म्हणतात. त्याला 'मालोमो' (आता जाऊ नकोस), 'कोकुमो' (हा आता मरणार नाही) अशी नावं देतात. मला सगळ्यांत भिडतं ते 'दुरोसिन्मी' : थांब आणि मला मूठमाती दे. आईबापांनी मुलाच्या आधी जावं, ही साधी मागणी त्या एका नावात आहे.

पडताळताना इथे हमखास चूक होते ती सुरांची. योरुबात उंच, मध्यम आणि खालचा असे तीन सूर आहेत आणि लिहिताना त्यांच्या खुणा बहुतेकदा गाळतात. 'ओको' या एकाच उच्चाराचे सुरानुसार नवरा, वाहन आणि कुदळ असे अर्थ होतात. त्यामुळे खुणांशिवाय छापलेल्या नावाची कोश उघडून केलेली फोड खरी धरू नये. जपानीत अडचण वेगळी. 'योको' लिहिण्यासाठी कोणती चित्रलिपी-अक्षरं निवडली त्यावर ती सूर्याची लेक की समुद्राची, हे ठरतं. नुसतं ऐकून अर्थ सांगताच येत नाही.

प्रश्न : घानातली वारांवरची नावं तरी सोपी असतील ना?

उत्तर : हो, आकान लोकांत मुलगा शुक्रवारचा तर कोफी, शनिवारचा तर क्वामे, मुलगी शुक्रवारची तर अफुआ किंवा एफुआ, शनिवारची तर आमा. ८ एप्रिल १९३८ हा शुक्रवार. त्या दिवशी जन्मलेले संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान. त्यांच्या नावात 'अट्टा'ही होतं, म्हणजे जुळ्यांपैकी एक. इतकं दोन शब्दांत कळतं.

दुरुस्ती : पण नोंदीतली तारीख घेऊन नाव 'चुकीचं' ठरवू नका. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांची जन्मतारीख २१ सप्टेंबर १९०९ अशी नोंदली आहे आणि तो मंगळवार येतो! ती तारीख बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूने अंदाजाने लिहिली होती. खुद्द एन्क्रुमांनी नावातल्या शनिवारावरून १८ सप्टेंबरची शक्यता मांडली. कागदापेक्षा नाव अधिक भरवशाचं ठरलं.

प्रश्न : जुन्या जर्मन नावांची फोडही अशीच करायची? 'हिल्डेगुंड'चं वाक्य काही केल्या जमत नाही.

उत्तर : जमणारही नाही. हिल्ड म्हणजे लढाई आणि गुंड म्हणजेही लढाई. (आपल्या 'गुंड'शी संबंध जोडू नये, निव्वळ ध्वनिसाम्य आहे.) ही नावं ठरलेल्या घटकांच्या जोड्या लावून बनत; बरेचदा एक घटक आईवडिलांच्या नावातून उचललेला असे. फ्रीड (शांतता) आणि रीक (सत्ताधीश) मिळून 'फ्रीडरिक' झालं म्हणून 'शांततेचा राजा' असा समास सोडवायचा नाही. घटक सांगावेत आणि थांबावं.

पुरवणी : काही नावांना अर्थाची फोडच नसते. 'वनेसा' हे आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टने मैत्रिणीचं आडनाव 'वॅनहोम्री' आणि नाव 'एस्थर' यांचे तुकडे जोडून बनवलं. फुलपाखरांच्या एका गटाला ते नाव नंतर मिळालं, त्यामुळे 'वनेसा म्हणजे फुलपाखरू' हा नावांच्या याद्यांतला अर्थ उलट्या क्रमाचा आहे. संशयास्पद नावाबाबत आधी सर्वांत जुनी नोंद शोधावी, अर्थ त्यानंतर.