अनुभव धागा: संगणकावरची गाणी, प्लेअरची मांडणी आणि टॅगांचा पसारा

गिरणीचा भोंगा
माळा आवरताना जुनी हार्डडिस्क निघाली, त्यात विनॅम्प या जुन्या प्लेअरच्या स्किन्सचा (खिडकीच्या सजावटींचा) अख्खा फोल्डर. २७५ बाय ११६ पिक्सेलची ती खिडकी आठवत असेलच सगळ्यांना. ती सजवण्यात गेला त्याच्या निम्म्या वेळात गाण्यांचे टॅग (फाइलीतच साठवलेली गायक, अल्बम, शीर्षक ही माहिती) नीट झाले असते. म्हणून म्हटलं धागा काढू. कोणता प्लेअर, कसा लावला, काय बिघडतं ते लिहा.

माझ्याकडून फूबार२००० हा प्लेअर. इन्स्टॉल करताना 'पोर्टेबल' निवडायचं. सेटिंग, प्लेलिस्ट, मांडणी सगळं त्याच फोल्डरातल्या 'प्रोफाइल'मध्ये राहतं, फोल्डर कॉपी केला की बॅकअप झाला. फक्त तो 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकू नका, तिथे लिहायची परवानगी नसते. 'स्टँडर्ड' घेतलं तर हे सगळं विंडोजच्या लपलेल्या फोल्डरात, ॲपडेटात जातं आणि विंडोज नवीन टाकताना हमखास पुसलं जातं.

मांडणीसाठी व्ह्यू, लेआउट, क्विक सेटअप. तिथून जवळची रचना घ्या, मग 'एनेबल लेआउट एडिटिंग मोड'वर टिक करून राइट क्लिकने पॅनल बदला. काम झालं की टिक काढा. नाहीतर पॅनलवर राइट क्लिक केलं की नेहमीच्या मेनूऐवजी मांडणीचाच मेनू येत राहतो आणि माणूस म्हणतो प्लेअर बिघडला.

नवी पेठ
३२ बिट फूबारवरून ६४ बिटवर जाणार असाल तर आधी कंपोनंटची (वरून जोडायच्या तुकड्यांची) यादी बघा. जुने ३२ बिट कंपोनंट ६४ बिट फूबारमध्ये चालतच नाहीत. कॉलम्स यूआय, म्हणजे मांडणीचं कंपोनंट, ६४ बिटमध्ये आहे. ज्याचं आवडतं कंपोनंट आलेलं नाही त्याने ३२ बिटवरच राहावं, आवाजात काडीचा फरक नाही.

सुक्की भाकरी
फोल्डर आधी लावायचे की टॅग?

गिरणीचा भोंगा
टॅग. फोल्डर टॅगवरून बनवायचे, उलटं नाही.

पत्रा तालीम
का बे, उलटंही करता येतं की. फाइलींची नावं बरी असतील आणि टॅग रिकामे असतील तर एमपी३टॅग या टॅग बदलायच्या प्रोग्राममध्ये ऑल्ट आणि २, नावावरून टॅग भरतो. मग टॅग दुरुस्त करून ऑल्ट आणि १, टॅगवरून नाव. साचा असा, इथे देवनागरीत लिहिलाय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं:

%अल्बमआर्टिस्ट%\%अल्बम%\$नम(%ट्रॅक%,२) %टायटल%

'नम' आणि २ मुळे ट्रॅक ०१, ०२ असे होतात. नाहीतर १ नंतर १०, ११ आणि मग २. फूबारमध्ये हेच 'फाइल ऑपरेशन्स'मधून होतं, पण तिथे 'अल्बम आर्टिस्ट' मध्ये जागा सोडून लिहायचं, एमपी३टॅगमध्ये जोडून. इथे निम्मे लोक अडकतात.

शीर्षकात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखा कोलन असेल तर विंडोज ते नाव घेत नाही. आणि पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की काही प्रोग्राम फाइल उघडत नाहीत. अभंगाची पहिली ओळ अख्खी शीर्षकात टाकणाऱ्यांनी लक्ष द्यावं.

जोडबसवण्णा
अभंगांवरून: एका अल्बमला सात गायक असले की प्लेअर एकाचे सात अल्बम करतो. 'आर्टिस्ट'ला हात लावू नका. 'अल्बम आर्टिस्ट' सगळ्या ट्रॅकना एकच द्या, 'अनेक गायक' असं काहीही चालेल, फक्त अक्षरन् अक्षर सारखं. शेवटी एक स्पेस जास्त पडली तरी वेगळा अल्बम.

चाटी गल्ली
म्युझिकबी प्लेअर वापरणाऱ्यांनो, 'ऑटो ऑर्गनाइझ' (टॅगप्रमाणे फाइली आपोआप हलवणं) पहिल्या दिवशी चालू करू नका. टॅग अर्धवट असतील तर तो त्याच अर्धवट टॅगप्रमाणे फाइली हलवतो आणि सगळं 'अननोन'च्या डबक्यात जाऊन पडतं. नवीन फाइली आधी 'इनबॉक्स'मध्ये घ्या, तिथे टॅग लावा, मग लायब्ररीत पाठवा. दिवसाला दोन अल्बम, आरामात होतं.

पूर्व भागातली अक्का
आपल्या सोलापूरचा खास त्रास कुणी लिहिला नाही अजून. घरात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही गाणी. यादी लावली की आधी इंग्रजी अक्षरं, मग देवनागरी, मग तेलुगू, मग कन्नड, कारण बऱ्याच ठिकाणी युनिकोडच्या क्रमानेच रांग लागते. एकच गायिका तीन लिप्यांत तीन ठिकाणी.

उपाय: दिसणारं नाव मूळ लिपीत ठेवा आणि 'अल्बम आर्टिस्ट सॉर्ट' या वेगळ्या टॅगमध्ये तिन्हीकडे एकच रोमन स्पेलिंग भरा. मग प्लेअरला त्या टॅगवर रांग लावायला सांगा. गाणी दिसतात आपापल्या लिपीत, बसतात मात्र शेजारी शेजारी.

चौकोन दिसत असतील तर फॉन्ट 'निर्मला यूआय' करा, त्यात तिन्ही लिप्या आहेत. वरच्या वेलांट्या कापल्या जात असतील तर ओळीची उंची कमी पडतेय. कॉलम्स यूआयमध्ये ओळीला वरखाली जागा वाढवता येते.

सुक्की भाकरी
अक्का, चौकोन नाहीत, नुसती प्रश्नचिन्हं आहेत. ????? असं.

पूर्व भागातली अक्का
मग गेलं ते. चौकोन म्हणजे मजकूर शाबूत, फॉन्ट नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे कुठल्यातरी प्रोग्रामने जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करताना मूळ अक्षरंच टाकून दिली. पण थांब, आयडी३ म्हणजे एमपी३मधल्या टॅगचा साचा, त्याची पहिली आवृत्ती आणि दुसरी आवृत्ती एकाच फाइलमध्ये दोन्ही असू शकतात. पहिलीत शीर्षकाला फक्त ३० बाइट आणि देवनागरीची सोयच नाही. प्लेअर चुकून तीच वाचत असेल. एमपी३टॅगमध्ये फाइलीसमोरच्या 'टॅग' रकान्यात बघ कोणती आहे. दुसरी असेल तर पहिली काढून टाक.

सुक्की भाकरी
दोन्ही होत्या. पहिली काढली, आलं मराठी! अक्का तुम्हाला शेंगाचटणी लागू.

पत्रा तालीम
पावशेरवर भागवू नको बे, किलोभर दे.

ऱ्हस्वदीर्घ
सगळ्यात चिवट प्रकार सांगतो. गाण्याच्या प्रकाराच्या (जॉनर) यादीत 'वऱ्हाडी' दोनदा दिसतं, डोळ्यांना तंतोतंत सारखं. एक जण टाइप करतो ऱ, हलन्त, ह. दुसऱ्याचा कीबोर्ड टाकतो साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, मग ह. अक्षर तेच, आतले कोड वेगळे, म्हणून प्लेअरला ते दोन प्रकार वाटतात.

आता यातली चूक बघा: लोक तो न दिसणारा जोडक शोधून नुसता उडवतात. मग रफार वर चढतो आणि 'वर्हाडी' होतं. जोडक उडवायचा नाही, 'र, हलन्त, जोडक' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवायचं. एमपी३टॅगच्या 'ॲक्शन्स'मध्ये 'रिप्लेस' घ्या, बिघडलेला तुकडा टॅगमधूनच कॉपी करून शोध चौकटीत डकवा, हाताने टाइप करू नका, नाहीतर तुमच्या कीबोर्डचं रूप पडेल. फील्डला '_ऑल'. आधी दहा फाइलींवर करून बघा.

'ॲ'चंही तेच. एक अख्खं अक्षर, एक अ वर चंद्र. दिसायला भाऊभाऊ.

जोडबसवण्णा
मालक, या आयडीला शुद्धलेखनात किती मार्क पडले असते?

ऱ्हस्वदीर्घ
मुद्दाम आहे ते.

पार्क मैदान
कॅसेटवरून घेणाऱ्यांसाठी. लाइन इन वापरा, माइकच्या भोकात घातलं तर आवाज फाटतो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी, ६० मिनिटांची कॅसेट ६०० एमबी. फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेली फाइल) केलं की बरंच कमी होतं.

आवाज बोदा येत असेल तर इक्वलायझर फिरवत बसू नका. डेकच्या हेडशेजारी बारीक स्क्रू असतो, कॅसेट चालू ठेवून तो पाव आट्यानेच इकडेतिकडे करा, टाळ सर्वांत स्वच्छ वाजेल तिथे थांबा. मगच रेकॉर्ड. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिलेल्या कॅसेटचा आतला फेल्टचा तुकडा निसटलेला असतो, तो नसेल तर टेप हेडला टेकतच नाही.

गाणी तोडायला सुरुवातीवर कंट्रोल आणि बी, नाव लिहा, शेवटी लेबलप्रमाणे एकदम एक्स्पोर्ट.

नवी पेठ
जुनी कॅसेट हळू आणि नवं गाणं कानठळ्या, त्याला फूबारमध्ये रिप्लेगेन. सगळं निवडून राइट क्लिक, 'ट्रॅक गेन' स्कॅन, मग प्लेबॅक सेटिंगमध्ये क्लिपिंग टाळणारा पर्याय. यात मूळ आवाजाला धक्का लागत नाही, टॅगमध्ये नुसता आकडा लिहिला जातो. म्हणूनच गाडीतला स्टिरिओ बहुधा तो पाळत नाही. त्यासाठी एमपी३गेन, ते फाइलमध्येच १.५ डेसिबलच्या टप्प्याने बदल करतं.

चाटी गल्ली
गाडीवरून, पेनड्राइव्हवर गाणी वाट्टेल त्या क्रमाने का वाजतात? नावं ०१, ०२ आहेत तरी.

नवी पेठ
फॅट३२ (पेनड्राइव्हची नेहमीची फॉरमॅट पद्धत) वर बरेच स्टिरिओ कॉपी झालेल्या क्रमाने वाजवतात, नावाच्या नाही. ड्राइव्ह रिकामा कर आणि नावाच्या क्रमाने एकेक फोल्डर टाक. नाहीतर हा क्रम लावून देणारा छोटा प्रोग्राम चालव, दोन मिनिटांचं काम. टॅग आयडी३ २.३ आणि त्यातलं एन्कोडिंग यूटीएफ-१६ ठेव, जुन्या स्टिरिओंना २.४ पचत नाही. फाइलींची नावं मात्र रोमनमध्येच.

गिरणीचा भोंगा
एक राहिलं. ऐकल्याची मोजणी ज्यांना प्रिय आहे त्यांनी बाहेरच्या प्रोग्रामने टॅग बदलण्याआधी फूबारच्या 'प्लेबॅक स्टॅटिस्टिक्स' कंपोनंटमधून मोजणी फाइलींच्या टॅगमध्ये लिहून घ्या. ती नोंद गायक, अल्बम, शीर्षक यांना बांधलेली असते, यातलं काही बदललं की शून्यावर. बदल झाल्यावर टॅगमधून परत आत घ्या.

पत्रा तालीम
हे ऱ्हस्वदीर्घच्या पोस्टच्या आधी सांगायला पाहिजे होतं की हो.

सुक्की भाकरी
फूबारच्या आउटपुटला वासापी एक्सक्लुसिव्ह लावल्यापासून ब्राउझरचा आवाज बंद आहे, हे त्याच्यामुळेच ना?

नवी पेठ
हो. फूबार एकट्याने साउंडकार्ड धरून ठेवतो. आउटपुटमध्ये जाऊन 'डिफॉल्ट' कर. आणि अक्कांची चटणी कधी?

पूर्व भागातली अक्का
लसूण कमी सांग त्याला.