पीसीओएस: पुदिना, दालचिनी, ज्येष्ठमध – नेमकं प्रमाण किती?

रानजाई
पीसीओएसचं (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा अंडाशयाचा विकार) निदान पक्कं आहे. मेटफॉर्मिन (साखर ताब्यात ठेवणारी गोळी) ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू. पाळी ४५ ते ६० दिवसांनी, हनुवटीवर जाड केस. पुदिन्याचा चहा, दालचिनी आणि ज्येष्ठमध एकत्र घ्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं, प्रमाण मात्र कुणीच देत नाही. तिन्ही एकदम सुरू करावं का? गुण येतोय हे कशावरून ओळखायचं?

काळीमाती
एकदम नको. त्रास झाला तर कशाने झाला हेच कळणार नाही.

पुदिना स्पिअरमिंटच हवा. पेपरमिंट वेगळा, म्हणून पाकिटावर नुसतं ‘मिंट’ असेल तर मागची घटकांची यादी वाचा. चहाचा एक चमचा सुकी पानं, त्यावर कपभर उकळतं पाणी, आणि झाकण ठेवून ५ ते १० मिनिटं. पानं उकळू नका, तेल वाफेबरोबर उडून जातं. २०१० च्या एका चाचणीत रोज दोन कप, ३० दिवस घेतल्यावर टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) उतरलं, पण मोजमापात केस कमी झाले नव्हते. त्यात नवल नाही. केसाचं चक्र काही महिन्यांचं असतं, ६ महिन्यांआधी निकाल लावू नका. आधीच जाड झालेला केस चहाने गळत नाही, तो लेझरने किंवा इलेक्ट्रोलिसिसनेच (विजेने केसाचं मूळ जाळून) जातो.

दालचिनीत खरी गोम आहे. तिचे दोन प्रकार, कॅशिया आणि सिलोन. कॅशियाची साल जाड, कडक, एकाच पदराची. तिच्यात कुमारिन नावाचं रसायन बरंच असतं आणि ते यकृताला बाधू शकतं. सिलोन दालचिनी पातळ पदरांची, हाताने चुरगळते. पूड झाली की ओळख पुसते, म्हणून काडी घेऊन घरी दळा. पाळीसाठीच्या चाचणीत रोज १.५ ग्रॅम, ६ महिने दिली होती. त्यापुढे जाऊ नका. मेटफॉर्मिन चालूच ठेवा आणि साखर अधूनमधून तपासा.

शेवाळवाट
ज्येष्ठमध मी या यादीतून काढूनच टाकेन. त्यातल्या ग्लिसऱ्हायझिन या घटकामुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मूत्रपिंडात निष्क्रिय होत नाही. मग शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम घसरतं. टेस्टोस्टेरॉन कमी करणारं प्रमाण रोज ३.५ ग्रॅम होतं, तेही मोजक्या निरोगी स्त्रियांत. रक्तदाब जास्त असेल, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ते अजिबात नको. ग्लिसऱ्हायझिन काढलेल्या गोळ्या मिळतात, पण मग ज्यासाठी घ्यायचं तेच निघून गेलेलं असतं.

आणखी एक गफलत: परदेशी लेखांतलं ‘व्हायटेक्स’ म्हणजे आपली निर्गुंडी नव्हे. जात वेगळी, वापरायचा भागही वेगळा. तिकडे फळ वापरतात, आणि त्याचा परिणाम मुख्यतः प्रोलॅक्टिनवर (दूध आणणारं संप्रेरक) होतो. प्रोलॅक्टिन तपासलेलं नसेल तर तो अंधारातला बाण आहे.

रानजाई
म्हणजे आधी फक्त पुदिना. पण पाळी ९० दिवस आलीच नाही तर?

काळीमाती
तर काढ्यावर थांबू नका. बीजोत्सर्ग (अंडाशयातून बीज सुटणं) होत नाही, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनत नाही आणि इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक एकटंच गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. आधी गर्भचाचणी करा, मग डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी पाळी आणतील. हे काम करणारी वनस्पती नाही.

गुण मोजायचा तर पाळीची तारीख लिहून ठेवा. प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी पुढच्या अपेक्षित पाळीच्या साधारण ७ दिवस आधी. ठरलेला ‘२१ वा दिवस’ २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे, ४५ दिवसांच्या चक्रात त्या दिवशीचा आकडा फसवतो.

शेवाळवाट
सोनोग्राफीत ‘गाठी गेल्या’ याला गुण मानू नका. पीसीओएसमधल्या त्या गाठी म्हणजे बीज धरणाऱ्या, न पिकलेल्या छोट्या पिशव्या. आणि साधी कार्यात्मक गाठ (पाळीच्या चक्रातच तयार होणारी) बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते, श्रेय काढा घेतो. केसांसाठी बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त देण्याच्या किमान २ दिवस आधी ते बंद करा, थायरॉइडचा अहवाल चुकतो.