शब्दचर्चा: ‘इलेक्ट्रोस्पिनिंग’ म्हणजे विणणं, कातणं की आणखी काही?

कृष्णाकाठ (सांगली): कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहून द्यायचाय. विषय आहे पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे बहुवारिक (पॉलिमर, लांब साखळीच्या रेणूंचं प्लास्टिक) आणि जिलेटिन यांच्या मिश्रणातून इलेक्ट्रोस्पिनिंगनं केलेले तंतुमय पडदे. जखमेवर लावण्यासाठी आणि हिरडीच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांच्यावर संशोधन चालू आहे. मुलांनी लिहिलंय, ‘विजेने विणलेला, शरीरात विरघळणारा जिलेटिनचा पडदा’. फलक बघायला तासगाव-जतकडचे पालक येणार, आणि जिलेटिन म्हटलं की त्यांना विहिरीचा सुरुंगच आठवणार. काय करावं?

मागवाला (विटा): ‘विणलेला’ आधी काढा. विणायचं तर उभ्या धाग्यांचा ताणा पाहिजे, आडव्या धाग्यांचा बाणा पाहिजे, मधनं धोटा पळाला पाहिजे. तुमचा धागा पडतो कसा ते सांगा, मग नावाचं बघू.

कृष्णाकाठ: सिरिंजमध्ये द्रावण भरतात आणि धातूच्या सुईला साधारण १० ते ३० हजार व्होल्टचा दाब देतात. टोकावरचा थेंब ताणला जाऊन शंकू होतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९६४ साली त्याचं गणित मांडलं, म्हणून टेलर शंकू. त्यातून बारीक धार सुटते, हवेत चाबकासारखी फटकारत जाते, तेवढ्यात द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर किंवा फिरत्या ड्रमवर सुका तंतू पडत राहतो, एकावर एक, कसाही. बऱ्याचदा जाडी काहीशे नॅनोमीटर, म्हणजे आपला केस त्याच्या शंभरपट तरी जाड.

मागवाला (विटा): मग हे कातणंपण नव्हं. कापसाच्या पेळूला पीळ बसला तर सूत. पीळ नाही, तर सूत कुठलं?

मिरजेची: दादा, सुतासाठी बरोबर. पण नायलॉनचे तंतूही वितळलेला रस बारीक छिद्रांतून दाबून, ओढून काढतात, त्यालाही इंग्रजीत ‘स्पिनिंग’च म्हणतात. मराठीत मला ‘काढणे’ जवळचं वाटतं. पाकाची तार काढतो ना, तिथे पिळाची अट नाही. आणि पाक पातळ असला की तार न येता नुसते थेंब पडतात. इथेही तेच: द्रावणात बहुवारिकाच्या लांब साखळ्या पुरेशा गुंतलेल्या नसतील तर तंतूंऐवजी थेंब किंवा मणी मिळतात. ‘विजेच्या दाबाने ओढून काढलेले तंतू’ लिहा आणि कंसात सरळ इलेक्ट्रोस्पिनिंग. ‘विद्युत्-तंतुकरण’ असलं काही करू नका, मुलं ते पाठ करतील आणि विसरतील.

औषधवाला (कराड): जिलेटिनबद्दल. सुरुंगातलं जिलेटिन हे जिलेटिनच नव्हे. आल्फ्रेड नोबेलनं १८७५ साली नायट्रोग्लिसरीनमध्ये नायट्रोसेल्युलोज मुरवून जेलीसारखा स्फोटक गोळा केला, त्या जेलीपणावरून ते नाव पडलं. आपलं जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनापासून निघतं. सुताराचा सरस त्याचाच ओबडधोबड भाऊ, पण सरस हा शब्द जखमेशेजारी नको! ‘कॅप्सूलच्या कवचात वापरतात ते जिलेटिन’ एवढं पुरे. ते प्राणिज आहे हेही फलकावर लिहाच. समुद्री शेवाळापासूनचं चायना ग्रास आणि जिलेटिन एकच समजणारे खूप भेटतात, आणि माळकरी माणसाला हे आधी कळायला हवं.

आणखी एक, ‘विरघळणारा’वर माझा आक्षेप आहे. निव्वळ जिलेटिनचे तंतू पाण्यात खरोखरच विरघळतात, अंगाच्या उबेला तर लगेच. म्हणून ग्लुटारल्डिहाइड किंवा जेनिपिनसारख्या रसायनानं रेणूंमध्ये आडवे बंध घालावे लागतात. (ग्लुटारल्डिहाइड उरलं तर पेशींना घातक, म्हणून जेनिपिनकडे ओढा.) पॉलिकॅप्रोलॅक्टोन पाण्यात विरघळत नाहीच. त्याच्या साखळ्या पाण्यामुळे सावकाश तुटतात, त्याला दोन-तीन वर्षंही लागतात. दोघांना एकत्र का करतात, तर पेशी जिलेटिनला धरतात आणि ताकद पॉलिकॅप्रोलॅक्टोनची.

मिरजेची: मग ‘विरणारा’! धोतर विरतं तसं, धागा धागा झिजत.

मागवाला (विटा): ताई, विरलेलं म्हणजे आमच्याकडं टाकाऊ. फलकावर बरं दिसंल का?

औषधवाला (कराड): ‘हळूहळू विरून जाणारा’ म्हटलं की टाकाऊपणा जातो. लोक ‘विरघळणारे टाके’ म्हणतात ते चालू दे, रूढ झालंय.

कृष्णाकाठ: आणि पडदा? पापुद्रा की पटल? शाळेच्या पुस्तकात पेशीचं प्रद्रव्यपटल आहे.

मिरजेची: पटल पेशीपुरतं राहू दे, पापुद्रा कांद्याला. पडदाच ठेवा. हिरडीतलं त्याचं कामच आडपडद्याचं आहे: दाताभोवतीचं हाड आणि धरून ठेवणारे तंतू सावकाश भरतात, हिरडीची पेशी भराभर वाढून ती जागा बळकावते, तिला अडवायचं. जखमेवर मात्र तो आडोसा कमी आणि पेशींना चढायला परांची जास्त. तिथे ‘आधारजाळी’ लिहिलंत तरी चालेल.

कृष्णाकाठ: सध्या असं करतोय: ‘विजेच्या दाबाने ओढून काढलेल्या अतिसूक्ष्म तंतूंचा, शरीरात हळूहळू विरून जाणारा पडदा. यातील जिलेटिन कॅप्सूलच्या कवचात असते तेच, प्राणिज.’

मागवाला (विटा): झ्याक. एक विचारू? ड्रम जोरात फिरवला तर तंतू एका अंगानं लागत असतील की?

कृष्णाकाठ: लागतात. तुटलेले मज्जातंतू जोडायच्या प्रयोगांत तसेच एका दिशेचे वापरतात, वाढणारी टोकं त्या दिशेनं जावीत म्हणून.

मागवाला (विटा): म्हणजे बाणा नसलेला ताणा. हे लिवा की फलकावर.

औषधवाला (कराड): लिहा, पण खाली तुमचा नंबर द्या. ताणा म्हणजे काय हे आजकाल कराडातसुद्धा समजवावं लागतं.